कशाच्या पावली

रक्त पुसून झालं, तरी फरशी ते विसरेना.

ऋतुजा फडकं पिळत होती, बादलीतलं पाणी गुलाबी होत होतं, आणि भिंतीतून तो साखरेत घोळलेला आवाज येत होता, "हॉलमध्ये एक व्यक्ती. ऋतुजा. गुडघे टेकून." जसं काही घडलंच नव्हतं. जसा काल भर दुपारी याच जागी तिचा नवरा आडवा पडून गुरासारखा ओरडत नव्हता.

काल घडलं ते असं. प्रणव, तिचा नवरा, विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक. रात्रपाळी करून आला की अवजारांची पिशवी दाराशी टाकायची आणि हॉलमध्येच चटईवर आडवं व्हायचं, ही त्याची रीत. ऋतुजा स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. तिनं दाराचा आवाज ऐकला. फोडल्याचा नव्हे, उघडल्याचा. घरचं माणूस आल्यावर उघडतं तसं दार अलगद उघडलं होतं. तिला वाटलं, सासूबाई आल्या असतील उदगीरहून, न सांगता.

मग काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज. लोखंडाचा खणखणाट. प्रणवचं झोपेतलं "कोण आहे?" आणि त्यावर हाड मोडल्याचा आवाज. वाळली काडी मोडावी इतका साधा तो आवाज होता. प्रणवची किंकाळी नंतर आली.

ती धावली. तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस प्रणवच्या छातीवर पाय देऊन उभा होता. प्रणवच्याच पिशवीतला भला मोठा पाना त्यानं दोन्ही हातांत धरला होता आणि लाकूड फोडावं तसा तो गुडघ्यावर घालत होता. तिला बघून त्यानं पाना टाकला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मग कानातलं ओढलं. कुडी आली, कानाची पाळीही आली. ऋतुजा ओरडली नाही. ती मागं सरकत ओट्यापर्यंत गेली, कढई दोन्ही कानांनी उचलली आणि तापलेले दाणे त्याच्या मानेवर रिकामे केले. तिचे तळहात भाजले. तो केकाटत पळाला.

नेलं काय, तर एक कुडी. दारात मात्र त्यानं आणलेला खोका तसाच राहिला. आत पाण्याची मोटर होती, वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी मागवलेली. माणूस खोकी पोचवणारा होता, पण कामावर लागताना त्यानं नाव-पत्ता खोटाच दिला होता.

पण तो आत आला कसा?

रिंगरोडच्या पलीकडच्या या नव्या वसाहतीत भाड्याच्या घरांना किल्ल्या नसतात. भाडेकरू बदलतात, किल्ल्या हरवतात. त्यापेक्षा घरमालकांना जाणती फरशी बरी वाटते. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते ना, तिच्यामागं एक स्फटिक असतो, दाब पडला की वीज सोडणारा. त्याच जातीच्या स्फटिकांचा पापुद्रा फरशीच्या पोटात पसरलेला असतो. माणूस चाललं की टाच किती जोरानं पडली, भार अंगठ्यावर केव्हा सरकला, एक पाय उचलून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, ते सगळं त्या बारीक विजेत उमटतं. आवाज जसा ज्याचा त्याचा, तशी चालही ज्याची त्याची. नाव खोटं सांगता येतं, तोंड झाकता येतं. पण आईच्या बोटाला धरून शिकलेली चाल झाकायची कशी? जिन्यापासून दारापर्यंतच्या व्हरांड्यात पावलं पडली की फरशी माणूस ओळखते आणि दार उघडते. कंपनीचं म्हणणं तरी तसं होतं.

"मॅडम, नोंदीप्रमाणे परकं कुणी आलंच नाही," फोनवर कंपनीची मुलगी म्हणाली. "घरचीच व्यक्ती आली."

"कोण घरची? आम्ही दोघं आत होतो. सासूबाई गावाला."

"चौथी व्यक्ती, मॅडम. तुम्हीच नोंदवलेली. नाव..." मुलगी अडखळली. "नाव महालक्ष्मी."

ऋतुजा ओल्या फरशीवर खाली बसली.

भाद्रपदात सासूबाई आल्या होत्या. ऋतुजा त्यांना आत्याबाई म्हणायची. घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं, ज्येष्ठा-कनिष्ठा वाजतगाजतच आल्या पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. व्हरांड्यात कुंकवाची पावलं काढली. ऋतुजाच्या हातांत गव्हानं भरलेली पितळी परात, परातीत मुखवटा, मागून आत्याबाई ताट बडवत विचारत होत्या, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावली?" आणि ऋतुजा म्हणत होती, "सोन्याच्या पावली." परात जड, आपलेच पाय दिसत नव्हते, म्हणून ती एकेक पाऊल सपाट, आखूड, जपून टाकत होती. दारापाशी पोचली तर दार उघडेना. फरशी म्हणाली, "नवी चाल. घरची का?"

आत्याबाई खो खो हसल्या. ओवी त्यांच्या जिभेवरच बसलेली असायची. तिथल्या तिथं जोडून म्हणाल्या,

"फरशी जाणती गं बाई, पुसे पावलाची खूण,
माझिया लक्षुमीला, दारी अडवील कोण!

सांग की गं तिला, घरचीच आहे म्हणावं. कायमची."

"घरची. कायमची," ऋतुजानं हसत सांगितलं होतं. नावही सांगितलं होतं.

आणि काल एक माणूस मोटरीचा खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाय न दिसता, सपाट आखूड पावलं टाकत तिच्या दारावरून चालला होता. पुढ्यात जड ओझं घेतलं की कुणाचीही चाल एका साच्यात बसते, ज्याची त्याची अशी उरत नाही. हे फरशीला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं देवी ओळखली आणि दार उघडलं. आत झोपलेला माणूस, आणि दाराशी पिशवीतून डोकावणारा पाना.

आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या दवाखान्यात प्रणवच्या उशाशी बसल्या होत्या. आपल्याच तोंडावर हात मारून घेत म्हणाल्या, "ह्या जिभेला काय डाग द्यावा गं!" त्यानंतर त्यांनी ओवी म्हटली नाही. ऋतुजानं नोंदीतून ते नाव पुसलं. देवीला हाताला धरून दाराबाहेर घालवल्यासारखं तिला वाटलं. पण तिनं पुसलं.

घरमालकीण उज्ज्वलाकाकू सांत्वनाला आल्या. डोळे ओले करून म्हणाल्या, "जीव वाचला पोरी, हेच खूप." मग वाकून बघितलं. "डाग मात्र बघ हं. फरशीच्या जोडांत मुरतो, मग निघत नाही."

"काकू, मला झटका बसवून घ्यायचाय."

"बसव की. पण घर सोडशील तेव्हा उपसून नेऊ नको. राहू दे आपला."

रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कुंपणाला झटका सोडतात, त्याचाच हा शहरी भाऊ. फरशीच्या जोडांतून तांब्याची बारीक तार फिरवतात. ज्या फरशीवर परका पाय पडेल तेवढीच फरशी जागी होते आणि माणसाला आडवं करते. जीव जात नाही, असं कंपनी सांगते. झटका फरशीनं विचारून द्यायचा की न विचारता, हे आपण ठरवायचं. ऋतुजानं 'न विचारता' निवडलं.

पहिला झटका मांजरीला बसला. खिडकीतून दुधासाठी येणारी, रोजची. चार पायांची चाल फरशीनं कधी मोजलीच नव्हती. मांजर हवेत उडाली, भिंतीवर आदळली, आणि करपलेल्या केसांचा वास मागं ठेवून तीन पायांवर पळाली. ऋतुजा बघत उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला पोटातून शांत वाटलं. तसं शांत वाटल्याची भीती तिला नंतर, भांडी घासताना वाटली.

प्रणव घरी आला तो गुडघ्यात पट्ट्या आणि स्क्रू घेऊन, काखेत कुबडी लावून. दाराशी आल्यावर फरशी म्हणाली, "अनोळखी."

"घरचा आहे," ऋतुजा घाईनं म्हणाली. "प्रणव आहे तो."

"चाल जुळत नाही. आजपुरता घेऊ?"

"आजपुरता घे."

तेव्हापासून रोज सकाळी हेच: झटका थांबवायचा, त्याला चार पावलं चालवायचं, आजपुरता नोंदवायचं. मोडलेला पाय रोज थोडा थोडा बरा होत होता, म्हणून चाल रोज वेगळी पडत होती. काल शिकवलेला प्रणव आज फरशीला परका. आधी तो हसायचा. उठून बसायचा आणि हाक मारायचा, "विचार गं तुझ्या सवतीला, आज कोण मी?" पुढं हसणं गेलं, नुसतं विचारणं राहिलं.

"सप्तपदीला सात पावलं टाकली तुझ्यासंगं," एक दिवस तो म्हणाला. "ती कुठं मोजली तुझ्या फरशीनं? बंद कर तो झटका."

"नाही करायची."

"आपल्याच घरात मी कुंपणाबाहेरचं डुक्कर झालोय, ऋतू."

"आणि पुन्हा कुणी आला तर?"

"मी आहे की."

"त्या दिवशीही होतासच की तू."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. प्रणवनं मान खाली घातली. कुबडी भिंतीला टेकवली, इतकी हळू, की जणू तिलाच दुखलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा पाट्यावर मिरच्या वाटत होती. प्रणव हॉलमध्ये होता. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. कुबडी न घेताच तो उठला. दोन पायांवर, दात आवळून, स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाला. ही चाल तो आजवर कधी चाललाच नव्हता.

ऋतुजानं ऐकलं ते असं: एक जड पाऊल, एक फरफट, एक जड पाऊल. मग "अनोळखी," मग तडतडाट, आणि माणूस पडल्याचा धप्प आवाज. ती वरवंटा घेऊनच धावली. समोर पालथं पडलेलं, वेडंवाकडं थरथरणारं एक अंग होतं. तिनं दोन्ही हातांनी वरवंटा घातला. खांद्याच्या हाडावर बसला. पुन्हा उचलला.

"ऋतू! मी! मी आहे!"

ओळखीचा आवाज कानात शिरला, पण हात निघाला होता. तिनं तो कसाबसा वळवला. वरवंटा प्रणवच्या कानाशेजारी फरशीवर उतरला आणि फरशीला तडा गेला. मिरचीचं वाटण त्याच्या गालावर, तिच्या पायावर उडालं.

"हॉलमध्ये दोन व्यक्ती," फरशी म्हणाली. "एक अनोळखी."

मग प्रणव हुंदक्यासारखं हसला. "देवाची कृपा, पाटा उचलला नाहीस."

ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. ज्या हातांनी मारलं त्याच हातांनी हळद लावली. आणि त्या संध्याकाळी तिनं झटका बंद केला नाही. न विचारता होता तो विचारून असा केला. एवढंच तिच्याच्यानं झालं. प्रणवनं ते पाहिलं. रात्री तो खांदा धरून भिंतीकडं तोंड करून निजला.

मग फौजदार सोनकांबळे बाईंचा फोन आला. माणूस सापडला होता. दुसऱ्या एका वसाहतीत चोरी करताना लोकांनी त्याला धरलं होतं, खांबाला बांधलं होतं आणि तळपायांवर काठ्या मोडल्या होत्या. पोलीस पोचले तेव्हा तो बेशुद्ध होता.

"तोंड तुम्ही बघितलेलं नाही, आणि नुसत्या मानेवरच्या चट्ट्यांवर भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण चालीची साक्ष कोर्ट धरतं आता. तुम्ही पुसलेली ती नोंद कंपनीकडनं परत घालून घेतलीय; तसाच खोका देऊन त्याला तुमच्या व्हरांड्यातून चालवते. फरशीनं तीच चाल म्हणून सांगितलं की झालं काम. झटक्याचं बघा मात्र. आम्हाला पाहुणे म्हणून नोंदवा."

ते आले. बालाजी नाव त्याचं. मानेवर भाजल्याचे पांढरे चट्टे, हनुवटीवर चार केस, पायांना बँडेजची गाठोडी. रुमालामागं असं तोंड असेल हे ऋतुजाला पटेना. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा असावा, असं ते तोंड होतं. हवालदारानं बेड्या काढल्या, खोका हातांत दिला.

तो चालला. फुटलेल्या तळव्यांवर चालला, कडेवर पाय टाकत, खोका सांभाळत, ओठ चावत.

"अनोळखी," फरशी म्हणाली.

"परत चल."

"अनोळखी."

सोनकांबळे बाईंनी कपाळावर हात मारला. "लोकांनी एवढा बडवला नसता, तर आज पुरावा होता हातात! ज्या पायांनी आला ते पायच ठेवले नाहीत मुडद्यांनी."

ऋतुजा उंबऱ्याच्या आत उभी होती. तिच्यामागं प्रणव, कुबडीवर. त्यालाही सकाळी फरशी अनोळखीच म्हणाली होती; झटक्याला तिनं 'नाही' म्हटलं होतं, पण आजच्या गडबडीत त्याला आजपुरता नोंदवायचं ती विसरली होती.

बालाजीनं खोका खाली ठेवला. तिच्याकडं बघून म्हणाला, "ताई, दार मी उघडलं नव्हतं. शप्पथ. आपोआप उघडलं. मी नुसता चाललो होतो."

"आणि पाना?" प्रणव मागून म्हणाला. "पानाही आपोआप उचलला गेला काय रे?"

कुणाला कळायच्या आत तो तिला ओलांडून पुढं आला आणि त्यानं कुबडी फिरवली. ती बालाजीच्या तोंडावर बसली. दात पडला. बालाजी आतल्या बाजूला कोसळला आणि पडता पडता त्यानं प्रणवचा तोच पाय धरून ओढला. दोघं हॉलच्या मधोमध एकमेकांत गुंतले. प्रणव त्याचं डोकं केसांना धरून आपटत होता. बालाजीनं दोन्ही अंगठे त्याच्या गुडघ्याच्या ओल्या जखमेत घातले होते. दोघांच्याही घशातून सारखाच आवाज येत होता. हवालदार धावला, एवढ्यात भिंतीतून तो गोड आवाज आला:

"जमिनीवर दोन व्यक्ती. दोन्ही अनोळखी. झटका देऊ?"

हवालदार उडी मारून उंबऱ्याबाहेर झाला. सोनकांबळे बाईही जागच्या जागी थांबल्या.

"म्हण हो!" प्रणव ओरडला. "ऋतू, म्हण! मी सोसतो! दे त्याला!"

तिला हो म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं ते, गुळाच्या खड्यासारखं. तिला तो माणूस मांजरीसारखा उडालेला बघायचा होता, भिंतीवर आपटलेला, करपलेला. तुटक्या पाळीचा कान ठणकत होता. पण आत दोन पाठी होत्या, घामानं आणि रक्तानं एकसारख्या भिजलेल्या, आणि त्यातली एक कुठली हे फरशीला सांगायला तिच्यापाशी काही नव्हतं. चाल नव्हती. लोखंड भरलेल्या गुडघ्यातून वीज गेली असती. आणि दोन वेळा हात उचलल्यावर तिला एवढं कळलं होतं, की मारणाऱ्या हाताला ओळख उशिरा पटते.

"झटका देऊ?" फरशीनं पुन्हा विचारलं.

"नाही. बंद हो."

"पूर्ण बंद? दार उघडणार नाही, लागणार नाही. घर राखता येणार नाही."

"नको राखूस. बंद हो म्हणते ना, मेले!"

आवाज थांबला. ऋतुजा त्या दोघांत शिरली. कुणाचं तरी कोपर तिच्या ओठावर बसलं, तोंडात खारट आलं. तिनं आधी प्रणवच्या काखेत हात घातले, मूल उचलावं तसं त्याला मागं ओढलं, आणि मग बालाजीचे अंगठे एकेक करून जखमेतून उपसून काढले. दुसरा अंगठा काढताना तिनं तो मागं वाकवला, गरजेपेक्षा जरा जास्तच. तो रडला. तिनं सोडला.

"घेऊन जा ह्याला," ती बाईंना म्हणाली. "दार आपोआप उघडलं, हे त्याच्या तोंडचं तुम्ही ऐकलंय. मीही ऐकलंय. कोर्टात मी सांगीन."

"टिकेल का, सांगता येत नाही," सोनकांबळे बाई म्हणाल्या.

"सांगीन तरी."

फरशी त्या दिवसापासून मुकी आहे. उज्ज्वलाकाकूंनी कुरकुरत दाराला लोखंडी कडी बसवू दिली. ऋतुजा दिवसातून कितीदा तरी ती ओढून बघते. कडी लागते, पण पावलं बंद होत नाहीत. प्रणवचा पाय आता एवढाच राहायचा, डॉक्टर म्हणाले; एक पाऊल, एक फरफट. तो उठला की तिचं अंग आधी दगड होतं, मग गळतं. तिच्या हातात काही असलं की तोही दारात थबकतो.

कुणी शिकवलं नाही, पण दोघांनी एक रीत पाडली. तो उठायच्या आधी सांगतो. तीही सांगते. "वरवंटा घेतेय रे, मिरच्यांसाठी." "बरं गं, घे."

काल दुपारी ती कणीक मळत होती, दाराकडं पाठ करून. हॉलमधून आवाज आला, "उठलो गं. प्रणव. पाणी प्यायला येतोय."

एक पाऊल, एक फरफट. तिच्या हाताखालची परात ओट्यावर वाजू लागली. मान मागं वळायला बघत होती. तिनं ती वळू दिली नाही. मुठी कणकेत खोल रुतवल्या.

"ये," ती म्हणाली.